घड्याळ कुठून सुरू करायचे : सेवासुधारणेच्या संशोधनातील माझी पहिली दोन वर्षे

औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना माझी अशी समजूत होती की, उपयोजित संशोधन म्हणजे वर्गात शिकलेले सूत्र घेऊन एखाद्या संस्थेत जायचे, तिथले आकडे त्या सूत्रात घालायचे आणि निघालेले उत्तर व्यवस्थापनाच्या हाती ठेवायचे. प्रबंधासाठी मला पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचे सार्वजनिक रुग्णालय मिळाले आणि विषय ठरला तो बाह्यरुग्ण विभागातील, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ओपीडीतील, प्रतीक्षाकाळ कमी करण्याचा. सहा महिन्यांत आटोपेल असे धरलेले हे काम, पुढे त्याच विषयावर प्रकल्प सहायक म्हणून राहिल्यामुळे, दोन वर्षे चालले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून त्या दोन वर्षांतल्या चुकाच अधिक तपशिलाने सांगते. जे सरळ पार पडले त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

रुग्णालयाकडे प्रतीक्षाकाळाची नोंद होती. केसपेपर काढला की त्यावर वेळ छापून येत असे आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसणाऱ्या सिस्टर रुग्ण आत गेल्याची वेळ वहीत लिहीत असत. या दोन वेळांमधले अंतर काढून मी पहिल्याच आठवड्यात सरासरी मांडली. ती इतकी सौम्य निघाली की, मुळात प्रश्न आहे तरी कुठे, असे मला आणि वैद्यकीय अधीक्षकांनाही वाटले. मग एका सोमवारी, दुसऱ्याच कामासाठी लवकर निघाल्यामुळे, मी सकाळी साडेसहाला रुग्णालयाच्या आवारात पोहोचले. नोंदणीची खिडकी बंद होती आणि तिच्यासमोर चपला, दगड, पिशव्या आणि एक पाण्याची बाटली अशी नीट रांग लागलेली होती. त्या वस्तूंची माणसे कडुनिंबाखाली बसलेली होती. आदल्या रात्री गावात मुक्कामाला असलेली एसटी पहाटे सुटते, तिने ती आली होती. खिडकी उघडणार होती साडेआठला. म्हणजे त्या माणसांचे दोन तास आमच्या नोंदीत कुठेच नव्हते, कारण रुग्णालयाचे घड्याळ केसपेपर छापला जाईल तेव्हा सुरू होत होते आणि रुग्णाचे घड्याळ घराचे दार ओढून घेतले तेव्हाच सुरू झालेले होते.

सेवेच्या कामगिरीवर संशोधन करू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हीच गोष्ट निश्चित करावी, असे मला आज वाटते. ज्याला आपण आधारसामग्री म्हणतो ती कोणीतरी, कोणत्यातरी वेळी, स्वतःच्या कामाच्या सोयीने लिहिलेली असते. औषधवाटपाच्या खिडकीवरची वही दिवसाअखेर एका बैठकीत भरली जात असे आणि तिच्यातल्या बहुतेक वेळा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत होत्या. यात लबाडी काहीच नव्हती. साठ्याचा हिशेब जुळावा म्हणून ठेवलेली ती वही होती; वेळेचा रकाना तिच्यात छापलेला होता म्हणून भरला जात होता, एवढेच. वेळांचे शेवटचे आकडे पाहणे ही दोन मिनिटांची तपासणी आहे आणि ती मी तीन महिने केली नव्हती.

सिद्धान्ताचा उपयोग नाही, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. रांगांचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली, आणि रांगेतील सरासरी माणसे म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले सरासरी मुक्काम, या अत्यंत साध्या संबंधाची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली. समजा तासाला ४० माणसे येत आहेत आणि कोणत्याही क्षणी सरासरी ६० माणसे आवारात आहेत, तर प्रत्येकाचा सरासरी मुक्काम दीड तास असणार. त्यासाठी कोणाच्या मागे घड्याळ घेऊन फिरावे लागत नाही. सकाळी रिकामी सुरू होऊन दुपारी पुन्हा रिकामी होणाऱ्या ओपीडीत हा संबंध पूर्ण दिवसाला चोख लागू पडतो. मी मात्र सकाळी नऊची गर्दी घेतली, तिला दिवसभराच्या सरासरी वेगाने भागले आणि आलेला आकडा आत्मविश्वासाने अहवालात लिहिला. सूत्र बरोबर होते. ज्या कालखंडाची गर्दी घेतली त्याच कालखंडाचा वेग घ्यायचा असतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

गणितातली दुसरी एक गोष्ट अधिकाऱ्यांशी बोलताना फार उपयोगी पडते. एकच खिडकी, अनियमित येणारी माणसे आणि प्रत्येकाला लागणारा अनियमित वेळ अशी सर्वांत सोपी रांग धरली, तर खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असताना खिडकीपाशी सरासरी ४ जण असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. कर्मचाऱ्याला पाच मिनिटेही रिकामे बसलेले पाहू न शकणारा अधिकारी प्रत्यक्षात बाहेरची रांग वाढवत असतो, हे या तीन आकड्यांनी जितके पटते तितके कोणत्याही भाषणाने पटत नाही.

याच आधारावर मी नोंदणीची दुसरी खिडकी सुचवली आणि ती सुरूही झाली. नोंदणीची रांग चार दिवसांत विरळ झाली, आणि त्याच चार दिवसांत डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक अपुरा पडू लागला. त्यापुढे, साडेअकराच्या सुमारास, औषधाच्या खिडकीवर पूर्वी कधी नव्हती अशी झुंबड उडू लागली. एकूण मुक्काम जवळजवळ तेवढाच राहिला, फक्त लोक उभे राहण्याची जागा बदलली. कारण उघड होते. डॉक्टर दोन, फार्मासिस्ट एक. नोंदणी वेगाने केल्याने त्यांची क्षमता वाढत नव्हती. जिथे काम तुंबते ती जागा दिसते तिथे नसते, हे पुस्तकात वाचलेले असूनही मला ते स्वतः चुकून पाहावे लागले.

निरीक्षणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांचा दाखला आपल्याकडे प्रत्येक वर्गात दिला जातो : कामगारांकडे लक्ष दिले जात आहे या जाणिवेनेच उत्पादन वाढले, असा त्याचा प्रचलित अर्थ. त्या जुन्या आकड्यांतून एवढा ठाम निष्कर्ष निघत नाही, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही माझ्या खिडकीवरचा अनुभव विसरता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात नोंदणी करणारे भाऊ मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही वही घेऊन उभ्या असल्या की आमचं चहाला जाणं होत नाही.” मी पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी बाजूला ठेवल्या. त्यानंतर मी रोज येत राहिले, पण वही न उघडता. आणि मोजायला पुन्हा सुरुवात केली ती चहाचा कप माझ्याही हातात येऊ लागल्यावर. नवख्या संशोधकाला हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात आणि मार्गदर्शकांनाही तसेच वाटते, हे आधीच धरून वेळापत्रक आखावे.

बदल करून पाहिल्यावर दिसलेला फरक त्या बदलामुळेच पडला हे कसे ठरवायचे, हा या सगळ्या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मे महिन्यात आम्ही जुन्या आणि नव्या रुग्णांच्या रांगा वेगळ्या केल्या. जूनअखेर प्रतीक्षाकाळ लक्षणीय उतरला. अधीक्षक खूश झाले, मीही झाले. मग औषधाच्या खिडकीजवळ झाडलोट करणाऱ्या मावशींनी सहज विचारले की, पेरणीच्या दिवसांत माणसे येतातच कुठे? पाऊस लागला की शेतातली माणसे दुखणे अंगावर काढतात आणि पेरणी उरकल्यावर येतात, हे त्या आवारात माझ्याशिवाय सर्वांना ठाऊक होते. आठवडी बाजाराच्या दिवशी उलट : बाजाराला आलेला माणूस गुडघाही दाखवून जातो, आणि सोबत आलेली सासूही. गणपतीत वेगळे, दिवाळीनंतर वेगळे. बदलाआधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवणे ही तुलना आपल्याकडच्या सार्वजनिक सेवेत जवळजवळ नेहमीच फसवी असते.

त्यावर मला जो उपाय उपयोगी पडला तो शंभर वर्षांचा जुना आहे. बेल टेलिफोनच्या अभियंत्यांपैकी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख सुचवला : रोजचा आकडा काळाच्या क्रमाने मांडायचा, नेहमीच्या चढउताराच्या सीमा त्याच आकड्यांवरून काढायच्या, आणि सीमेबाहेर गेलेल्या किंवा बराच काळ मध्यरेषेच्या, म्हणजे सरासरीच्या, एकाच बाजूला राहिलेल्या बिंदूंबद्दलच कारण शोधायचे. हेच शूहार्ट संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात आले होते आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढे हे तंत्र देशभरच्या कारखान्यांत नेले, हे आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितले जाते. मी बाजाराचा दिवस, इतर दिवस आणि सुट्टीनंतरचा दिवस असे तीन आलेख वेगळे काढले. मेमधल्या बदलाचा परिणाम त्यांत दिसला, पण आम्ही जूनमध्ये जाहीर केला होता त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हे अधीक्षकांना सांगायला जाताना माझे पाय जड झाले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “वर पाठवलेल्या पत्राचं काय करायचं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या पत्राचा परिणाम महिन्याभरात झाला. वरच्या कार्यालयातून असा आदेश आला की, केसपेपर निघाल्यापासून तीस मिनिटांत प्रत्येक रुग्ण तपासला गेला पाहिजे. आदेश पाळला गेला. फाटकावरचा शिपाई आता वीस-वीस जणांनाच आत सोडू लागला. बाकीचे बाहेर, रस्त्याच्या कडेला, आणि त्यांचे केसपेपर अर्थातच निघालेले नव्हते. वहीतला प्रतीक्षाकाळ अतिशय सुंदर दिसू लागला. मोजमापाचे उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, या अर्थाचे विधान ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. ते त्यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात केले होते. आमच्या फाटकावर त्याचा पुरावा पावसात भिजत उभा होता. यात माझा वाटा किती, हे मी पुष्कळदा तपासले आहे. आदेश माझा नव्हता, पण घड्याळ केसपेपरपासून सुरू करणारी व्याख्या मी अहवालात बदलून लिहिली असली, तरी पहिल्या पानावरच्या सारांशात जुनीच राहू दिली होती, आणि वरच्या कार्यालयाने वाचले ते पहिलेच पान.

दुसऱ्या वर्षी आम्ही व्याख्याच बदलली : रुग्ण एसटीतून उतरल्यापासून परतीची एसटी पकडेपर्यंतचा वेळ. ही वेळ मोजायला अवघड आहे. रोज सर्वांची मोजता येत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस, दर दहाव्या माणसाला विचारून आम्ही ती नोंदवली. पण तिने प्रश्नच वेगळा दाखवला. रक्तदाब आणि मधुमेहाच्या फेरतपासणीसाठी येणाऱ्यांना ‘दहा ते अकरा’ अशी वेळ केसपेपरवर लिहून देण्याचा प्रयोग पूर्वी फसला होता, आणि रुग्णांना शिस्त नाही असा त्याचा अर्थ लावला गेला होता. प्रत्यक्षात त्यांच्या गावाहून सकाळी दोनच गाड्या होत्या. मग आम्ही आगाराचे वेळापत्रक आणले आणि फेरतपासणीचे दिवस व वेळा रस्त्यांप्रमाणे वाटल्या : घाटाकडच्या गावांना एक दिवस, नदीपलीकडच्यांना दुसरा. डॉक्टरांनी प्रकृती स्थिर असलेल्यांना औषधे अधिक दिवसांची लिहून द्यायला सुरुवात केली. हा निर्णय पूर्णपणे त्यांचा होता आणि तसाच तो असायला हवा. पहाटेची चपलांची रांग संपली नाही, पण आलेखावर पहिल्यांदाच सलग आठ बिंदू मध्यरेषेखाली राहिले, तेही पेरणी नसलेल्या महिन्यांत.

कोरड्या पण आवश्यक अशा काही गोष्टी थोडक्यात. रुग्णालयात साधे निरीक्षण करायचे असले तरी संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज आधी द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी वाचावीत, आणि नोंदींत रुग्णाचे नाव वा आजार गरजेशिवाय घेऊच नये. शिक्षणासाठी आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभियांत्रिकी व प्रवर्तन संशोधन (ऑपरेशन्स रिसर्च), भारतीय सांख्यिकी संस्था, १९६३ मध्ये पवईला नीटी म्हणून सुरू झालेले आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखले जाणारे संस्थान, किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासन असे निरनिराळे रस्ते आहेत. माझ्या मते पदवी कुठलीही चालते, पण संख्याशास्त्राचे दोन चांगले अभ्यासक्रम आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची तयारी यांना पर्याय नाही. लेखनाबाबतची अडचण अशी की, विद्यापीठाला नवे प्रतिमान हवे असते आणि रुग्णालयाला दोन पाने. मी दोन्ही लिहिले. दोन पाने लिहायला जास्त वेळ लागला.

काम सोडल्यानंतर वर्षभराने मी त्या गावी गेले होते. रस्त्यांप्रमाणे दिवस व वेळा दाखवणारा आमचा छापील तक्ता नोंदणीच्या खिडकीशेजारी अजून चिकटवलेला होता. मधल्या काळात एसटीच्या वेळा बदलल्या होत्या. दोन ओळींवर निळ्या पेनने काट मारून कोणीतरी शेजारी नव्या वेळा लिहिल्या होत्या. अक्षर भाऊंचे वाटले. नदीपलीकडच्या ओळीवर मात्र नुसतीच काट होती, पुढे काही लिहिलेले नव्हते.