लेबर रूमला नव्याने लागताय? आधी फोनवर बोलायला शिका

पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) कसा भरायचा, पीव्ही (आतून तपासणी) कधी करायची, हे तुम्ही शिकून आला आहात. त्यात मी पडत नाही. नवीन माणूस आपटतो तो बोलण्यात.

सगळ्यांत वाईट सापळा फोनचा. यात मीही अडकले होते, म्हणून जरा जास्तच बोलणार आहे. बीपी वाढलेलं दिसतं, आपण ऑन-कॉल डॉक्टरांना फोन लावतो. पलीकडचा आवाज झोपेतला, त्यामुळे आपला आपोआप मऊ होतो. "सर, बीपी थोडं जास्त वाटतंय." ते म्हणतात, "बरं, लक्ष ठेवा." आपण केसपेपरवर लिहितो, 'डॉक्टरांना कळवले', आणि जीव भांड्यात पडतो. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवतानाही तेच, "कळवलंय." पुढची सिस्टर निर्धास्त. डॉक्टरही निर्धास्त, कारण त्यांच्या कानावर 'थोडं' एवढंच गेलेलं. सगळ्यांना ठाऊक आहे, पण पेशंटला बघायला कुणीच आलेलं नाही.

थोडं म्हणजे किती? १४०/९० आणि १६०/११० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बेंबीच्या वर दुखतंय का, हे फोन उचलण्याआधी पेशंटला विचारा. मग असं बोला:

"सर, लेबर रूममधून बोलतेय. बेड तीन, पहिलटकरीण, ३७ आठवडे. बीपी १६०/११०, पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं तरी तेवढंच. डोकं खूप दुखतंय, युरिनमध्ये अल्ब्युमिन टू प्लस. हिला झटके येतील अशी मला भीती वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोपर्यंत काय सुरू करू?"

याला एसबीएआर (SBAR) म्हणतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी, या क्रमाने बोलणं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे हॉस्पिटलांत आली. नाव विसरलात तरी चालेल, शेवटची दोन वाक्यं विसरू नका. आपल्याला काय हवंय ते न सांगता फोन ठेवलात, तर तो केलाच नाही असं धरा. "सर, किती वेळात येताय?" विचारताना जीभ अडखळते, माहीत आहे. तरी विचारा आणि वेळ लिहून ठेवा. आले नाहीत तर पुन्हा फोन, मग त्यांच्या वरच्यांना. ओरडा बसेल. बसू दे.

तोंडी ऑर्डर मिळाली, समजा झटके रोखणाऱ्या मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेट), की परत म्हणून दाखवा. "मॅगसल्फ ४ ग्रॅम, शिरेतून, सावकाश. देऊ ना?" 'तयार ठेवा' आणि 'द्या' यांतली गल्लत इथेच सापडते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकून मोकळं होणारे मला अजिबात आवडत नाहीत. निळी टिक आली म्हणजे कुणी जबाबदारी घेतली असं होत नाही. आणि शिकायचं असेल तर भराभर हात चालवणाऱ्या सिनियरच्या मागे फिरू नका. जी सिस्टर ओव्हर घेताना स्वतः पोटावर हात ठेवून कळा बघते, ड्रिपचे थेंब मोजते, तिला धरा. वॉर्डातल्या मावशी "ही बाई बरोबर दिसत नाही" म्हणाल्या, तर हातातलं काम टाकून जा.

बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव सुरू झाला की मात्र लांबण नको. "कुणीतरी ऑक्सिटोसिन आणा" (गर्भाशय आकुंचन पावायचं औषध) असं ओरडलं की सगळ्या ट्रॉलीकडे धावतात आणि गर्भाशय चोळायला कुणी उरत नाही. नाव घेऊन काम सांगा, जिला सांगितलं तिने "दिलं" म्हणून मोठ्याने सांगायचं. एकीने फक्त वेळा आणि डोस लिहायचे. रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड प्रसूतीपासून ३ तासांच्या आत जायला हवं, तेव्हा प्रसूतीची वेळ शोधत बसणं परवडत नाही. नजरेने धरलेलं रक्त बहुतेक वेळा कमीच भरतं. भिजलेले पॅड वजन करून त्यातून कोऱ्या पॅडचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली.

बाळाच्या डॉक्टरांना बोलवायलाही बाळ रडत नाही हे दिसेपर्यंत थांबू नका. पोटातल्या बाळाचे ठोके बिघडले किंवा गर्भजल हिरवं दिसलं की लगेच कळवा. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावायचा असतो, आणि त्यांना जिना चढून यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

सुरुवातीला आवाज थरथरतो. थरथरला तरी आकडे बरोबर असले की पलीकडचा माणूस उठून येतो. हवं तर सगळं कागदावर लिहून फोनवर वाचून दाखवा, कुणी हसलं तर हसू दे. अवघड केस असली की मी आजही तसंच करते.