जर्मन संगिनीवरचे शिक्के कसे वाचायचे

जुनी जर्मन संगीन हाती लागली की बहुतेक जण लगेच किंमत शोधायला बसतात, पण किंमत ठरते शिक्क्यांवरून, त्यामुळे आधी ते वाचा. इथे के९८ माउझर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलची संगीन घेऊ, जास्त करून तीच बघायला मिळते.

सगळ्यात आधी, घासू नका. ब्रासो, पॉलिश पेपर काही नको. मऊ फडक्यावर थेंबभर मशीन ऑइल घेऊन पुसा आणि टॉर्च तिरका धरा, पुसट अक्षरंसुद्धा उठून दिसतात.

मग मुठीला लागून पात्याचा जो सपाट भाग आहे तो बघा. एका बाजूला कारखान्याची खूण, दुसऱ्या बाजूला नंबर. खरी गंमत खुणेत आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहामुळे जर्मनीला शस्त्रं गुपचूप बनवावी लागायची, म्हणून सुरुवातीला नावच नाही, एस/१७२ असला कोड, आणि वर्षाच्या जागीही अक्षर, के म्हणजे १९३४, जी म्हणजे १९३५. पुढे लपवायची गरज संपली तशी सोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहरातल्या कारखान्यांची पूर्ण नावं आली, कार्ल आइकहॉर्न, अर्न्स्ट पॅक वगैरे, आणि वर्षाचे दोन आकडे पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट कडेवर, गेले. युद्धात १९४० नंतर परत कोड, पण आता छोटी अक्षरं: सीओएफ म्हणजे आइकहॉर्न, सीयूएल म्हणजे पॅक, एएसडब्ल्यू म्हणजे हॉर्स्टर कारखाना, आणि शेजारी ४१, ४२ असं साल. आता पूर्ण नाव आणि सोबत ४३ दिसलं तर गडबड आहे समजा.

मुठीच्या टोकावरचा बारीक गरुड आणि आकडा कारखान्याचा नाही बरं का, तो सैन्याच्या तपासणीचा. आणि पाठीवर मुकुट, खाली डब्ल्यू आणि १६ असेल तर ती पहिल्या महायुद्धातली, प्रशियाची, १९१६ सालची.

म्यानावरचा नंबर पात्याशी जुळला तर भाव चांगलाच वाढतो.

खंजीर आणि परेडच्या चकचकीत संगिनी लोक स्वतःच्या पैशाने घ्यायचे, त्यामुळे तिथे सहसा नंबर नसतो, चित्र असतं. खार म्हणजे आइकहॉर्न, तराजू म्हणजे अलेक्झांडर कोपेल, शिरस्त्राणातलं डोकं म्हणजे डब्ल्यूकेसी, हेही कारखानेच. नकली मालही खंजिरांतच जास्त. गंजाच्या खड्ड्यांवरून शिक्का गेलाय आणि त्याचा तळ चकाकतोय, तर तो नंतर मारलाय, सोडून द्या.

भारतात संगीन आणि खंजीर दोन्ही आर्म्स रुल्सच्या यादीत आहेत, तेव्हा पैसे द्यायच्या आधी लायसन्सचं विचारून घ्या.