उन्हाळी धानाला प्रक्रिया केलेले सांडपाणी देताना

नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला, त्यामुळे कुही-पवनी पट्ट्यातील धान उत्पादकांना नागपूर शहराचे सांडपाणी नवे नाही. मात्र नदीवर मोटार लावून उचललेले पाणी म्हणजे प्रक्रिया केलेले पाणी नव्हे. नागपूरच्या भांडेवाडी प्रक्रिया केंद्रात शुद्ध होणारे बरेचसे पाणी तर कोराडीच्या वीज केंद्राकडे जाते. हा सल्ला प्रक्रिया केंद्रातून परवानगीने आणि तपासणी अहवालासह मिळणाऱ्या पाण्यापुरताच आहे. ज्या पाण्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळते ते धानाला देऊच नये, कारण त्यातून मातीत कॅडमियम हा विषारी धातू साठल्यास बांधी (धानाचे खाचर) सुकताच ते मुळांना सहज मिळू लागते आणि दाण्यात उतरते.

अहवालात प्रथम क्षारता पाहावी. ती 2 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेल्यास उत्पादन घटू लागते, आणि पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची कोवळी रोपे, तर क्षाराला फारच हळवे असतात. त्यांना विहिरीचेच पाणी द्यावे.

खरे नुकसान होते ते नत्राचा हिशेब न ठेवल्याने. लिटरमागे 20 मिलिग्रॅम नत्र असलेले पाणी हंगामात एकूण 500 मिलिमीटर दिले, तर हेक्टरी 100 किलो, म्हणजे एकरी सुमारे 40 किलो नत्र आपसूक बांधीत पडते. त्यातले काही हवेत उडून जाते हे खरे, परंतु त्यावर नेहमीचा युरिया टाकल्यास गर्द हिरव्या बांधीचे कौतुक फार दिवस टिकत नाही: करपा आणि तुडतुडे वाढतात आणि लोंबी भरताना धान लोळते. म्हणून रोवणीनंतरचे युरियाचे हप्ते पानांचा रंग हिरव्या छटांच्या रंगतक्त्याशी ताडून, गरज दिसली तरच द्यावेत.

बांधीतून सडक्या अंड्यासारखा वास येऊन मुळे काळी पडू लागल्यास पाणी देणे थांबवून बांधी आटू द्यावी; बांधीतले पाणी विहिरीच्या अंगाला सोडू नये.

प्रक्रियेनंतरही या पाण्यात जंतू उरू शकतात. रोवणी करणाऱ्या बायांचे हातपाय दिवसभर चिखलात असतात आणि गमबूट तेथे रुततात, त्यामुळे ते वापरण्याचा सल्ला बहुधा कागदावरच राहतो. त्यापेक्षा चिखलणी व रोवणी विहिरीच्या पाण्यावर करून, रोपे रुजल्यावरच हे पाणी सुरू करावे. निंदणाआधी काही दिवस आणि कापणीआधी किमान 15 दिवस ते बंद ठेवावे, आणि जनावरांसाठीची तणस उन्हात पूर्ण वाळल्यावरच तिची गंजी लावावी.