राउटर सुरक्षित करताना फर्मवेअरची घाई नको

लातूरच्या क्लासेसपासून उदगीरच्या सेतू केंद्रापर्यंत बरीच वर्षं राउटर बसवतोय. ‘वाय-फायचं नाव लपवा, बस्स’ असा सल्ला कुणी दिला की माझं डोकं तापतं. लपवलेलं नेटवर्कसुद्धा साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

राउटरच्या बुडाला स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत शिरा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा वेगळा, हा वेगळा. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून.

आता फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर. जुन्या फर्मवेअरमधली भोकं पासवर्डने बुजत नाहीत, त्यामुळे हे टाळू नका. पण एका क्लासमध्ये अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि राउटर कायमचा गेला. पोरांची ऑनलाइन टेस्ट दोन दिवस रखडली. तेव्हापासून मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) जोडल्याशिवाय मी अपडेटला हात लावत नाही. यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघा. काही राउटर 9 व्होल्टचे असतात, काही 12 चे.

स्टिकरवर मॉडेलशेजारी हार्डवेअर व्हर्जनही छापलेलं असतं. व्ही2 ची फाइल व्ही3 वर चढवू नका, मॉडेल तेच असलं तरी. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली तर मुळीच नको. आधी इंटरनेटचं युजरनेम-पासवर्ड वहीत उतरवा, मग लॅपटॉप केबलने जोडून अपडेट सुरू करा. पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी दहा मिनिटं पान रिफ्रेश करू नका, बटणाला हात लावू नका.

झाल्यावर सगळ्या सेटिंग पुन्हा तपासा. काही राउटर अपडेटनंतर मूळ अवस्थेत जातात आणि कंपनीचा पासवर्ड परत येतो. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल तर राउटर बदला. फायबरवाल्याने दिलेला डबा असेल तर अपडेट त्यालाच करायला सांगा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत फुटतो. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून, इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय) आणि यूपीएनपी (ॲप्सना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद. वाय-फायच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए3 निवडा, तो नसेल तर डब्ल्यूपीए2 एईएस. विद्यार्थ्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, द्या.

अपडेटची तारीख चिकटपट्टीवर लिहून राउटरवर लावा आणि तीन महिन्यांनी कंपनीची साइट पुन्हा बघा.