जेंबे गटात वाजवायला शिकताना

जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, हातांनी वाजवायचा ढोल. त्याच्या वर्गाला मी गेलो तो सोलो वाजवायच्या हौसेनं. पहिले तीन आठवडे हाती आले तीनच आघात: बास, टोन, स्लॅप. बास पानाच्या (वरच्या चामड्याच्या) मध्यावर, अख्ख्या तळव्यानं. टोन कडेला, बोटं जुळवून. स्लॅपही कडेलाच, पण बोटं सैल सोडून. टोन आणि स्लॅप यांत खरा फरक बोटांच्या ताणाचा, आणि तो कुणी सांगून कळत नाही. स्लॅप कडक यावा म्हणून मी जोर वाढवत गेलो. बोटांची टोकं सुजली आणि आवाज ठप्पच राहिला. एक दिवस दमून हात ढिला पडला, तेव्हा तो पहिल्यांदा फटाक्यासारखा वाजला. (अंगठ्या आधीच काढून ठेवा. बोटही दुखतं, पानही फाटतं.)

बोल म्हणत शिकलात तर पाठांतर निम्म्यानं सोपं होतं. नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी यांची पद्धत मला सर्वांत सोयीची वाटली: गुन-दुन म्हणजे बास, गो-दो म्हणजे टोन, पा-ता म्हणजे स्लॅप. प्रत्येक जोडीतला एक उजव्याचा, एक डाव्याचा. कुठला आघात कुठल्या हातानं हेही बोलातच आलं.

गटात बसलो आणि खरी फजिती झाली. गिनी-मालीकडच्या मांदे परंपरेत जेंबेच्या सोबत काठीनं वाजवायचे डुनडुन नावाचे ढोल असतात: लहान केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुनडुनबा. गाण्याची चाल म्हणावी तशी ठेक्याची चाल या तिघांतून उमटते. जेंबेवाले त्यावर छोटे, न बदलणारे ठेके धरतात आणि एकच जण पुढे खेळतो. माझ्या वाट्याला आलं ते असं: स्लॅप – – स्लॅप स्लॅप – टोन टोन. (आडवी रेघ म्हणजे मोकळी जागा.) आठ जागा, पुन्हा पुन्हा, दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला कंटाळून मी एक फिरकी टाकली. ती सुरेख जमली, पण परतताना एक जागा चुकली. शेजारचा माझ्याकडे बघून अडखळला, त्याच्यामुळे तिसरा, आणि सगळा डोलारा बसला. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढचे दोन महिने मला केनकेनीवर बसवलं.

ते दोन महिने मला सर्वांत उपयोगी पडले. केनकेनीवर हाताला काम थोडं, म्हणून कान मोकळा. सांगबान कुठे पडतो, जेंबेचा स्लॅप त्याच्या कुठे मागे येतो, हे तेव्हा ऐकू आलं. आपला ठेका मोजून धरला तर शेजारच्याच्या ठेक्यानं तो घसरतो. शेजारच्याच्या फटीत बसवून धरला तर टिकतो.

इतर घराण्यांतही हेच. अरबी दरबुका हाही हातांनी वाजवायचा ढोल; त्यावर दुम म्हणजे मध्यावरचा जड आघात, टेक म्हणजे कडेचा. त्यातला मकसूम हा ठेका म्हणजे दुम टेक – टेक दुम – टेक –. चौथ्या जागी टेकऐवजी दुम घातला की झाला सईदी. एका आघाताचा फरक, पण गटात एकानं हा आणि दुसऱ्यानं तो धरला तर लगेच खटकतं. क्यूबन संगीतातल्या सोन क्लावे या ठेक्यात 16 जागांपैकी 1, 4, 7, 11 आणि 13 वर टाळी पडते. पाय सम चालवत ती टाळी वाजवून बघा. पायच थांबतात.

आधुनिक ठेके सोपे समजू नका. पहिल्या-तिसऱ्या मात्रेला बास, दुसऱ्या-चौथ्याला स्लॅप, बस्स. पण इतक्या मोकळ्या जागेत लय पळते. आम्ही एकदा ध्वनिमुद्रण ऐकलं, तर शेवट सुरुवातीच्या जवळजवळ दीडपट वेगानं! वाजवताना कुणालाच जाणवलं नव्हतं. तेव्हापासून एक जण घंटा घेऊन बसतो आणि बाकीचे त्याला शिव्या देतात.

थांबायची, बदलायची खूण म्हणजे ब्रेक. पुढचा वाजवणारा ठरलेली ओळ टाकतो आणि सगळे एकदम वळतात. नवखे ती ओळ हातात पाठ करतात आणि ऐन वेळी ऐकतच नाहीत. आधी ओळखायला शिका, वाजवायला नंतर.

मी अजूनही नवा ठेका घेतला की कुणाला तरी शेजारी बसवून भलतंच काही वाजवायला सांगतो. पाच मिनिटं टिकलो नाही, तर तो ठेका गटात नेत नाही.