ट्रॉलीच्या हुकाला तडा? वरून टाका मारू नका

कुर्ल्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. रस्त्याच्या कामावरचे कॉम्प्रेसर, शूटिंगचे जनरेटर, टेम्पोमागे ओढायच्या अशा ट्रॉल्या माझ्याकडे येतात. आणणारा घाईत असतो: "दादा, हुकाला जरा वेल्डिंगचा टाका मारून द्या." तसा टाका मी मारत नाही. चालत्या रस्त्यावर ट्रॉली सुटली तर मागच्या बाइकवाल्याचं काय, हे डोळ्यासमोर येतं.

दर ब्रेकला, दर धक्क्याला ट्रॉली ओढायचा दांडा किंचित वाकतो आणि सरळ होतो. लाखो वेळा असं झालं की जिथे ताण एकवटतो तिथून लोखंड फाटायला लागतं. म्हणून आधी वेल्डिंगच्या कडा, बोल्टची भोकं आणि चॅनेलचे, म्हणजे दांड्याच्या यू आकाराच्या लोखंडाचे, कोपरे बघा. रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंज झिरपलेला दिसला की थांबा.

रंग रिमूव्हरने काढा. ग्राइंडर दाबून फिरवला तर तड्याचं तोंड बुजतं. क्लीनरने पुसून लाल पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारा, १०-१५ मिनिटं थांबा. नंतर पुसताना क्लीनर कापडावर घ्या, थेट जॉबवर, म्हणजे लोखंडावर, मारला तर तड्यातला लालही धुऊन निघतो. वर पांढरा डेव्हलपर मारा, तो तड्यातला लाल बाहेर ओढतो. लाल रेघ उमटेल, तिच्या दोन्ही टोकांवर पंच मारून खूण करा.

तडा हुकाच्या गोळ्याला, पिनला किंवा ओढायच्या कडीला असेल तर वेल्डिंग नाही, भाग नवाच.

चॅनेल साध्या लोखंडाचं असेल तर दुरुस्ती होते. बॅटरी सोडा. पंचच्या खुणेच्या जरा पुढे ६ मिमीचं भोक पाडा, कारण तडा दिसतो त्याच्या थोडा पुढे गेलेला असतो. मग तड्याच्या तळापर्यंत व्ही आकाराची खाच मारा आणि पुन्हा लाल-पांढरा करा. रेघ उरली तर अजून खोल जा. मग खाच वेल्डिंगने भरा. रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा), तोही भाजलेला. एका जुलैत मी उघड्या पाकिटातले रॉड वापरले. तीन आठवड्यांत टाक्याच्या शेजारीच नवी चीर घेऊन जॉब परत आला. आपल्या हवेतली ओल रॉड शोषतो, तिचा हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो. आता ३००-३५० अंशांवर तासभर भाजल्याशिवाय हात लावत नाही.

टाक्याची कड ग्राइंडरने गुळगुळीत करा. हायड्रोजनची चीर उशिरा उघडते, म्हणून दोन दिवसांनी परत तपासा, मगच रंग. आणि पिन हलवून बघा. ती भोकात खुळखुळत असेल तर प्रत्येक ब्रेकला हातोडा बसतो. पिन आणि तिच्या भोकातला बुश बदलल्याशिवाय ट्रॉली देऊ नका.