सोशल अँग्झायटी घालवायला लक्ष केंद्रित करताय? मग या चुका टाळा

चार लोकांत बोलायचं म्हटलं की छातीत धडधड, घसा कोरडा, हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही, हे ज्याला होतं त्याला घरचे-बाहेरचे सगळे एकच सल्ला देतात, "अरे कॉन्सन्ट्रेट कर, लक्ष दे." पण त्याचं लक्ष तर आधीच एका जागी घट्ट लागलेलं असतं, आणि ती जागा म्हणजे तो स्वतः. आवाज थरथरला का, कान लाल झाले का, समोरचा बोर होऊन राहिला का. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सोशल अँग्झायटीचं, म्हणजे लोकांसमोरच्या या भीतीचं, मॉडेल मांडलं, त्यात हाच मुद्दा मधोमध आहे. भीती वाटली की माणूस आत वळतो, आत जी धडधड जाणवते त्यावरून आपण बाहेर कसे दिसत असू याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाजच खरा धरून चालतो. समोर काय चाललंय ते बघायला लक्ष उरतच नाही, त्यामुळे अंदाज चुकला हे कधी कळतही नाही.

म्हणून करायचं काम एवढंच की लक्ष बाहेर न्यायचं, समोरच्या माणसावर आणि हातातल्या कामावर. ऐकायला सोपं आहे पण करताना बहुतेकांचं लक्ष कुठल्या ना कुठल्या वाटेने परत स्वतःवरच येतं आणि मग "मी करून पाहिलं, माझ्यावर काही फरक पडत नाही" असं म्हणून लोक सोडून देतात. मी नागपुरात मुलामुलींची इंटरव्ह्यूची तयारी करून घेते, तिथे या वाटा रोज दिसतात. त्यातल्या नेहमीच्या सांगते.

लक्ष दिलं, पण कोणाला?

स्पर्धा परीक्षेच्या मॉक इंटरव्ह्यूला एक पोरगी आली होती, तयारी जबरदस्त, लेखीचे मार्क उत्तम. तिला विचारलं, गोसीखुर्द धरणाचा फायदा कोणकोणत्या जिल्ह्यांना होतो? तिने सुरुवात केली वैनगंगेपासून, मग १९८८ सालचं भूमिपूजन, मग पुनर्वसन, सगळं बरोबर, सगळं पाठ, पण जिल्हे काही येईनात. नंतर विचारलं की प्रश्न काय होता गं, तर म्हणाली, "गोसीखुर्दबद्दल सांगा असं विचारलं होतं ना?" प्रश्नातलं "जिल्ह्यांना" तिने ऐकलंच नव्हतं, कारण तेवढा वेळ ती पाठ ताठ आहे का, हात मांडीवर आहेत का, आवाज कापतोय का हे तपासत होती. तिच्या दृष्टीने ती पूर्ण लक्ष देऊन बसली होती. भंडारा, नागपूर, चंद्रपूर ही तीन नावं तिला झोपेतही सांगता आली असती.

पुढच्या राउंडला तिला एकच काम दिलं, प्रश्नाचा शेवटचा शब्द पकडायचा. बाकी पाठ वाकली तर वाकू दे. उत्तरं लगेच मुद्द्यावर आली, आणि तिच्या लक्षातही आलं नाही की आवाज बराच मोकळा झाला होता.

पुण्या-मुंबईला इंटरव्ह्यूला जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींचं अजून एक असतं, तोंडातून नागपुरी "करून राहिलो" निघू नये, हिंदी शब्द येऊ नये म्हणून ते प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात तपासून घेतात. बोलणं अडखळतं ते या तपासणीमुळे आणि त्यांना वाटतं आपली भाषाच वाईट. भाषेत काही वाईट नाही बाप्पा, तुम्ही एकाच वेळी बोलणारे आणि तपासणारे दोन्ही झालात म्हणून जीभ अडकते.

भर बोलण्यात श्वास मोजणं

श्वासावर लक्ष हा उपाय सगळ्यांना माहीत असतो, आणि घरी शांत बसून, झोपायच्या आधी तो चांगलाच आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण समोर एचआर बसलीय, ती काहीतरी विचारतेय आणि तुम्ही चार मोजून श्वास आत, चार मोजून बाहेर करताय, तर लक्ष पुन्हा शरीरातच गेलं ना. ब्रिटनच्या नाईस या आरोग्य संस्थेच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये तर सोशल अँग्झायटीसाठी माइंडफुलनेसवर, म्हणजे श्वासावर-शरीरावर लक्ष ठेवण्याच्या सरावावर आधारित उपचार सरसकट देऊ नका असंच म्हटलंय, पहिली पसंती आहे ती खास याच त्रासासाठी बनवलेल्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला. दारात उभं असताना एक मोठा श्वास घ्या, आत गेलात की श्वासाला त्याचं काम करू द्या.

"घाबरायचंच नाही" अशी स्वतःला ताकीद

डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि अस्वल काही डोक्यातून जाईना. भीतीचंही तसंच. मनाला "हे करू नको" सांगितलं की ते होत नाहीये ना हे मन परत परत बघायला जातं. त्यापेक्षा त्याला काहीतरी काम द्या. समोरच्याच्या बोलण्यातली एखादी गोष्ट अशी शोधा जी तुम्हाला खरंच पुढे विचारावीशी वाटतेय. भीती वाटली तर वाटू दे, ती बाजूला बसून राहील.

बाहेर बघायचं, पण फक्त कोण हसतंय तेवढंच

ही चूक लवकर ओळखू येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त दिवस हीच टिकते. पोरगा म्हणतो, मॅडम मी तर पूर्ण लक्ष बाहेर ठेवलं होतं. कशावर ठेवलं होतं विचारलं तर म्हणतो, मागच्या बेंचवर दोघं कुजबुजत होते, एक सर घड्याळ पाहून राहिले होते, एकीने तोंड वाकडं केलं. म्हणजे नजर बाहेर होती पण शोध चालू होता "माझ्याबद्दल काय चाललंय" याचाच. चाळीस जणांच्या हॉलमध्ये तीन चेहरे निवडले, तेही वाकडे, आणि जे मान हलवत होते ते दिसलेच नाहीत. त्यापेक्षा ज्याच्याशी बोलताय त्याच्यापर्यंत मुद्दा पोचतोय का ते बघा. नाही पोचला असं वाटलं तर सरळ विचारा, "हे परत सांगू का?" लक्ष खरंच बाहेर असलं तरच हा प्रश्न सुचतो.

लपवालपवी

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा एसीच्या बाहेर पडलेला प्रत्येक माणूस घामाघूम असतो. तरी काही जण काखेतला घाम दिसू नये म्हणून शर्टावर ब्लेझर चढवतात, आणि मग दुप्पट घाम येतो. लग्नात हात थरथरेल म्हणून मठ्ठ्याचा ग्लास इतका घट्ट धरतात की आवळलेल्या स्नायूंमुळे तो जास्तच हलतो. मोबाइल काढून उगाच स्क्रोल करणं, कोपऱ्यातली खुर्ची पकडणं, पुढचं वाक्य मनात तीनदा घोळवणं, डोळ्यात बघायचं टाळायला भुवयांच्या मधे बघणं, हे सगळं त्याच जातीचं. क्लार्क-वेल्सच्या मॉडेलमध्ये याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. याने दोन नुकसान होतात. एक तर लक्ष लपवण्यात अडकतं, आणि दुसरं म्हणजे प्रसंग नीट पार पडला तरी श्रेय ब्लेझरला जातं, तुम्हाला नाही. पुढच्या वेळी ब्लेझरशिवाय जायची हिंमत आणखीच कमी.

आणि लोकांना तेवढं दिसतही नाही हो. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेत एक अभ्यास छापला, त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, त्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी तो फोटो ओळखला असेल, खरं तर पाव लोकांनीच ओळखला होता. पुढे २००३ मध्ये सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी भाषण देणाऱ्यांवर प्रयोग केला, काही जणांना आधीच सांगून टाकलं की तुमची आतली घबराट ऐकणाऱ्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही, आणि त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. मी तर हे प्रत्येक मॉकच्या आधी सांगते.

तर एक प्रयोग करून बघा, पुढच्या लग्नात ग्लास सैल धरा आणि शेजारच्या काकांचं बोलणं ऐका. थोडा मठ्ठा सांडला तर सांडला, किती जणांनी वळून बघितलं ते मोजा.

प्रॅक्टिस थेट स्टेजवर

हा भाग नीट वाचा, कारण इथेच खरी मेहनत आहे. लक्ष वळवणं ही सवय आहे, ती शांत वेळी लावावी लागते, ऐन इंटरव्ह्यूच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलात तर होणार नाही आणि उगाच निराश व्हाल. वेल्स यांचंच एक आवाजांचं ट्रेनिंग आहे, साधारण १२ मिनिटांचं. आजूबाजूला अनेक आवाज चालू ठेवायचे आणि आधी एकावरच लक्ष ठेवायचं, मग भराभर एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, शेवटी सगळे एकत्र ऐकायचा प्रयत्न करायचा. घरी पंखा, कुकर, रस्त्यावरची ऑटो, शेजारचा टीव्ही एवढं पुरतं. ते जमायला लागलं की सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनला दहा मिनिटं उभे राहा, तिथे अनाउन्समेंट, जिन्यावरची पावलं, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, भाजी महाग झाली म्हणणाऱ्या बायका, सगळं एकदम असतं. फक्त एक पथ्य, हे घबराट दाबायचं औषध म्हणून वापरायचं नाही, जीव शांत असतानाच करायचं.

दुसरा सराव दोघांनी करायचा आहे, नेदरलँड्सच्या सुसान ब्यॉगेल्स यांच्या पद्धतीतला. मित्राशी पाठीला पाठ लावून बसा, त्याने दोन मिनिटं काहीही सांगायचं, काल गाडी पंक्चर झाली तेही चालेल, आणि नंतर तुम्ही ते जमेल तेवढं परत सांगायचं. मग प्रामाणिकपणे आकडा सांगा, शंभरपैकी किती लक्ष स्वतःवर होतं, किती ऐकण्यावर, किती आजूबाजूला. पहिल्यांदा स्वतःवरचा आकडा मोठा येतो, काही हरकत नाही, मुद्दाम एकदा लक्ष आत नेऊन आणि एकदा बाहेर नेऊन करा म्हणजे फरक अंगात कळतो. नंतर समोरासमोर बसून करा. नंतर मित्राला तुम्हाला अवघड वाटणारा विषय बोलायला सांगा.

त्यानंतर बाहेर. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जा, गर्दीत मागून आवाज द्यावा लागतो, ज्याला सोशल अँग्झायटी आहे त्याला हे डोंगराएवढं वाटतं, मला माहीत आहे. "भाऊ, एक प्लेट, तर्री वेगळी द्या," एवढं बोलायचं आणि तो काय करतो ते बघायचं, पळी कशी बुडवतो, वरचा लाल तवंग घेतो का खालचे चणे काढतो, चिवडा आधी टाकतो का नंतर. प्लेट हातात आली आणि तुम्हाला हे सांगता आलं तर सराव झाला. असंच मग दुकानात वस्तू परत करणं, क्लासमध्ये एक शंका विचारणं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक वाक्य, आणि मग इंटरव्ह्यू. मधली पायरी गाळू नका, आणि एकाच पायरीवर महिनोन् महिने बसूही नका.

आधी कॉन्फिडन्स येऊ दे, मग बोलतो

असा तो येत नाही. धडधड असतानाच बोललात, लक्ष समोर ठेवलं आणि जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही हे स्वतः बघितलं, की त्यातून तो हळूहळू जमतो. मोटिव्हेशनल व्हिडिओ पाहून मिळालेला जोश वर्गाच्या दारापर्यंतच पुरतो.

डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलणं

भीतीमुळे कॉलेज सुटतंय, नोकरीचे कॉल नाकारले जातायत, लग्नकार्याला जाणंच बंद झालंय आणि हे सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललंय, तर नुसत्या घरच्या सरावावर राहू नका. "लाजाळू आहे, होईल मोठा झाल्यावर" असं म्हणत आईवडील वर्षं घालवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण यावर चांगले उपचार आहेत. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, आणि सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. बोलायच्या आधी थोडीशी दारू घेऊन जाणं किंवा दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी खाणं हे मात्र अजिबात नको.

रात्री अंथरुणात पोस्टमॉर्टेम

दिवसभर सगळं छान केलं आणि रात्री दिवा घालवला की रील सुरू, मी तसं का बोललो, तो गप्प का झाला, उद्या ऑफिसात काय म्हणतील. यात आठवतं ते पुन्हा आपल्या आतलंच, धडधड, लाज, आणि त्या भीतीच्या रंगातलीच आठवण पक्की होते, म्हणून पुढचा प्रसंग आणखी अवघड जातो. हे थांबवायला झोपायच्या बरंच आधी, घरी आल्या आल्या, वहीत समोरच्या माणसाबद्दल तीन गोष्टी लिहा. तो काय म्हणाला, कशावर हसला, त्याला कशाची घाई होती. स्वतःबद्दल एक ओळही लिहायची नाही. तीन गोष्टी आठवल्याच नाहीत तर तेही लिहून ठेवा आणि उद्या पोहेवाल्यापासून परत सुरू करा.